साहेबराव गजभारेंचे चिनी प्रश्न

"जेवलात ना?" असं कुणी विचारलं की साहेबराव गजभारेंचं डोकं फिरायचं. विचारणाऱ्यानं बिचाऱ्यानं मायेनंच विचारलेलं असायचं. पण साहेबराव म्हणायचे, हे काय विचारणं झालं का? उत्तर आधीच माझ्या तोंडात कोंबता आणि मी मुंडी हलवायची वाट बघता. विचारायचंच तर काय जेवलात ते विचारा, कुठं जेवलात, कुणी वाढलं ते विचारा. म्हणजे मला काहीतरी सांगावं लागंल. पाव्हणे एकमेकांकडं बघायचे, आणि आतून धुरपताबाई, त्यांच्या घरच्या, म्हणायच्या की यांचं ते चिनी उठलं बघा पुन्हा.

लोकांना वाटायचं, पलटणीत राहून माणूस तिरसट झाला. तसं काही नव्हतं. पलटणीतून परत आले तेव्हा साहेबराव चांगले हसतमुख होते. तिरसट झाले ते इथं, आपल्या मुलखात, एका उन्हाळ्यात. ती हकीकत सांगायची तर आधी त्यांचं ते चिनी सांगावं लागतं, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

साहेबराव लोहा तालुक्यातल्या एका खेड्याच्या वस्तीवरचे. छप्पन साली ते चौदा वर्षांचे होते. वडिलांनी घरातले देव टोपलीत भरून नदीला सोडले आणि पोराला बजावलं की आता कुणापुढं वाकायचं नाही, शिकायचं. शाळेत पुस्तक हातात मिळायचं नाही, म्हणून कानांनी पाठ करायची सवय लागली. मॅट्रिक झाले, बासष्टच्या लढाईच्या वर्षी भरती निघाली आणि हे पलटणीत गेले. तिथं तीन वर्षांनी एका साहेबानं तीस-चाळीस जवानांना ओळीत उभं करून कुणालाच कळणार नाहीत असे तीस शब्द मोठ्यानं वाचले आणि म्हणाला, ज्याच्या ध्यानात राहिले त्यानं पुढं यावं. कुणी पाच सांगितले, कुणी आठ. साहेबरावांनी तीसच्या तीस सांगितले, आणि तेही क्रमानं. लगेच त्यांना चिनी भाषेच्या वर्गाला धाडलं.

शिकवायला सान्याल नावाचे बंगाली मास्तर होते. उमेदीची दहा वर्षं पेकिंगात काढलेला माणूस. वर्गात इंग्रजी शिकलेले चारदोन तरुण अधिकारी आणि बाकी साहेबरावांसारखे मॅट्रिकवाले. पहिल्या महिन्यात मास्तरांनी प्रश्नाचे शब्द घेतले. शेय म्हणजे कोण, शन्मा म्हणजे काय, नार म्हणजे कुठं. आता हे शब्द वाक्यात ठेवायचे कुठं? इंग्रजीवाले अधिकारी प्रत्येक वेळी प्रश्नाचा शब्द ओढून वाक्याच्या तोंडाशी आणायचे. मास्तर कपाळाला हात लावायचे. शेवटी त्यांनी चार जवानांना ओळीत उभं केलं. एक झाला 'नी' म्हणजे तू, दुसरा झाला 'ह' म्हणजे पिणं, आणि तिसऱ्याच्या जागी उभा केला 'शन्मा'. नी ह शन्मा? शब्दाशब्दानं तू-पितोस-काय, म्हणजे काय पितोस? मग मास्तरांनी शन्माला बाजूला काढलं आणि अगदी त्याच जागेवर चौथ्याला उभं केलं, तो 'श्वे' म्हणजे पाणी. पहिल्याच्या छातीवर हात ठेवून सांगितलं, आता हा बोलतोय, म्हणून नीचा वो करा. वो ह श्वे. मी पितो पाणी. ओळ मोडायची नाही, कुणी पुढं पळायचं नाही. प्रश्नाचा शब्द म्हणजे उत्तराची राखून ठेवलेली जागा, असं मास्तर म्हणाले.

साहेबरावांना हसू आलं. यात शिकायचं काय होतं? आपण घरी 'तू काय पितोस' असंच तर म्हणतो. 'काय' उठवला आणि 'पाणी' बसवलं. ज्या गोष्टीला अधिकाऱ्यांना पंधरवडा लागला ती गजभारेंना एका सकाळी आली. आयुष्यात पहिल्यांदा वस्तीवरच्या आपल्या बोलीनं त्यांना कुणाच्या पुढं नेलं होतं. हे ते कधी विसरले नाहीत.

पुढं मास्तरांनी आणखी एक शिकवलं. वाक्य साधं सांगायचं आणि त्याच्या शेपटाला 'मा' लावायचा, की झाला प्रश्न. नी ह श्वे मा? तू पाणी पितोस काय? याला उत्तर एवढंच, हो किंवा नाही. आणि जिथं शेय, शन्मा, नार बसलेत तिथं हा मा लावायचा नाही, एकाच प्रश्नात दोन कारभारी नकोत. मास्तर सांगायचे की मा हा आळशी माणसाचा प्रश्न. विचारणाऱ्यानं सगळं आधीच ठरवलेलं असतं, समोरच्यानं फक्त शिक्का मारायचा. आकड्यांचंही तसंच. 'ची' म्हणजे किती आणि 'त्वोशाव' म्हणजेही किती. पण ची कधी म्हणायचं, तर असून असून नऊ-दहाच्या आत असणार असं आपण धरून चाललोय तेव्हा. ज्याला खरोखर अंदाज नाही त्यानं त्वोशाव विचारावं.

आणि एक गंमत त्यांना फार आवडायची. प्रश्नाच्या शब्दामागं 'तोउ' आला की प्रश्न संपतो. शेय तोउ चताव. शब्दाशब्दानं लावलं तर कोण-सगळे-जाणतात. अर्थ असा की हे कुणालाही ठाऊक आहे, विचारायची गरजच नाही. 'कोण' म्हणता म्हणता 'सगळे' होऊन जातात.

पंधरा वर्षं साहेबरावांनी ही भाषा वापरली. सरहद्दीवर दोन्हीकडचे अधिकारी भेटायचे तेव्हा मागं उभं राहून दुभाषाचं काम केलं, नव्या पोरांना शिकवलं. ऐंशी साली हवालदार म्हणून पेन्शनीत आले. गावी चिनीचा उपयोग शून्य. बोलणार कुणाशी, बैलाशी? दोन वर्षं अशीच गेली. मग ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा वेगळा झाला, नव्या जागा निघाल्या, आणि माजी सैनिक म्हणून त्यांना त्या बाजूच्या एका कचेरीत टंचाईच्या कामापुरती अकरा महिन्यांची कारकुनी मिळाली. कुठली कचेरी ते सांगत नाही. त्यातली माणसं आता पेन्शन खाऊन राहिलीत, खाऊ द्या.

नवा जिल्हा म्हणजे काय थाट असेल असं वाटतं ना? टेबलं मागून आणलेली, दप्तरं पोत्यात बांधून आलेली. छापील कागदांवर जुन्या जिल्ह्याचं नाव होतं, ते खोडून वर लातूरचा रबरी शिक्का मारायचा, हेच साहेबरावांचं पहिल्या महिन्याचं काम. अव्वल कारकून होते पंचाक्षरी अण्णा, उदगीरचे, कपाळाला तीन बोटं विभूती, मनानं वाईट नाहीत पण घाबरट. कचेरीत सगळे साहेबरावांना 'चिनी' म्हणायचे. चिनीत चहाला काय म्हणतात रे, असं रोज विचारायचे, आणि रोज 'छा' ऐकून रोज तेवढंच हसायचे. साहेबराव आतल्या आत चरफडायचे. एवढी विद्या अंगात असलेला माणूस, आणि त्याला विचारायचं काय, तर चहा.

त्र्याऐंशीचा उन्हाळा वाईट निघाला. फेब्रुवारीतच आड आटले. गावोगाव टँकर सुरू झाले आणि वरून एक प्रपत्र आलं. आता बघा कारभार. त्या कागदावर तीन प्रश्न. गावात पाणीपुरवठा सुरू आहे काय? सर्व वस्त्यांना पाणी मिळते काय? काही तक्रार आहे काय? प्रत्येकापुढं दोन चौकोन, होय आणि नाही. ज्यानं हा कागद काढला त्यानं कधी घागर उचलली होती का, हे तेवढं कुणी त्याला विचारलं नाही.

मार्चमध्ये साहेबराव तो कागद घेऊन शिरूर अनंतपाळच्या पलीकडच्या एका गावात गेले. त्या दिवशी आठ गावं करायची होती. सरपंच शेषेराव यांनी चावडीवर खुर्ची टाकली, सरबत आणलं. वस्तीवरून एका बाईला बोलावून घेतलं होतं, केवळाबाई नावाच्या. पन्नाशीच्या, काटक, डोईवर पदर ओढून पायरीच्या खाली उभ्या. साहेबराव खुर्चीवर, बाई मातीत, आणि मध्ये शेषेराव मिशीवरनं हात फिरवत.

"पाणी मिळतं न्हं बाई?" साहेबरावांनी विचारलं.

बाई म्हणाल्या, हाव साहेब. तक्रार न्हाई न्हं काही? न्हाई साहेब. अंगठा उठला, कागद मिटला, चार मिनिटांत काम फत्ते. जयभीमसुद्धा घातला नाही हो या माणसानं. घातला असता तर बाईला कळलं असतं की हा आपल्यातला आहे. पण सरपंचासमोर, सरबताचा पेला हातात असताना, जीभ उचललीच नाही. आणि वर स्वतःवरच खूश, की मुलूख कोरडा ठाक पडलाय पण या गावाचं बरं चाललंय.

मे महिन्यात टँकरच्या खेपा तपासायला पुन्हा त्याच गावी जाणं झालं. काम उरकून साहेबराव एसटीच्या रस्त्याला निघाले तर वाटेत केवळाबाई दिसल्या. उजव्या हाताला बांबूच्या कामट्या बांधून हात गळ्यात अडकवलेला, आणि डाव्या कमरेवर रिकामी घागर. साहेबराव थांबले. काय झालं, म्हणून विचारलं. बाईंनी सांगितलं की घरणी नदीच्या कोरड्या पात्रात वाळूत झिरा खणलाय, कंबरभर खाली उतरून वाटीनं पाणी भरावं लागतं, तो ढासळला. हात मोडला तो मोडला, मान वाचली.

टँकर येत असताना झिऱ्यावर कशाला गेलात, असं त्यांनी विचारलं. टँकर गावातल्या विहिरीत रिकामा होतो, बाई म्हणाल्या, आन् विहिरीला आमचा हात लागत न्हाई. मग मार्चात मी विचारलं तेव्हा पाणी मिळतं असं का सांगितलं, असं साहेबरावांनी विचारलं, आणि आवाज चढलाच थोडा.

केवळाबाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्हीच म्हणलात की मिळतं न्हं म्हणून. साहेब म्हनून राहिलाय मिळतं, तर म्या न्हाई कसं म्हनू?"

यात टोमणा नव्हता. साहेबाच्या तोंडचं 'न्हाई' करायचं नसतं, ही त्यांची रीत होती. त्यांच्या आईची, सासूची तीच रीत, आणि खरं सांगायचं तर साहेबरावांच्या स्वतःच्या आईचीही, लोह्याकडच्या वस्तीवर जन्म काढलेल्या सरजाबाईची. सात पिढ्या विहिरीच्या कडंला बसून घागर पुढं धरलेल्या बायकांना 'मिळतं ना' विचारल्यावर त्या काय सांगणार? हे साहेबरावांना ठाऊक नव्हतं असं नाही. रक्तात होतं त्यांच्या. तरी चार मिनिटांत 'होय'वर खूण करून मोकळे झाले. पंधरा वर्षं परक्या मुलखातल्या माणसाला नीट विचारायला शिकलेला हा हुशार माणूस, आणि आपल्याच मावशीला शेपटाला 'मा' लावून विचारून आला. तिचा हात कुणी मोडला? वाळूनं मोडला हे खरं, पण त्या कागदावर खूण कुणाची होती? साहेबरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि ती आग पहिल्यांदा स्वतःवरच होती.

त्यांनी एसटी सोडून दिली. जयभीम मावशी, म्हणाले, चला वस्तीवर. केवळाबाईंनी त्यांच्याकडं एकवार नीट बघितलं आणि पुढं चालू लागल्या.

दोन दिवस साहेबराव वस्तीवर राहिले. खुर्ची घेतली नाही, प्रत्येक घराच्या पायरीशी जमिनीला बसले. प्रपत्राची पाठ कोरी होती, तिच्यावर स्वतःचे प्रश्न लिहिले. तुमच्या घागरीत पाणी कोण वाढतं? कुठं बसून वाट बघता? सकाळी केव्हा जाता, परत केव्हा येता? किती घागरी मिळतात, आणि नाही मिळाल्या तर कुठून आणता? एकाही प्रश्नाला 'हाव साहेब' चालत नव्हतं. सुरुवातीला बायका सवयीनं हाव म्हणाल्या आणि मग आपलं उत्तर प्रश्नाला बसत नाही हे बघून थांबल्या. जागा रिकामी, त्यात काहीतरी ठेवावंच लागणार. मग एकेकीनं ठेवायला सुरुवात केली, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेनात.

पहाटेच विहिरीवर जायचं, कडंच्या शिळेवर बसायचं. गावातल्या बायकांनी आपलं भरून झाल्यावर कुणाला दया आली तर वरून घागरीत धार सोडायची. तीही घागर घागरीला लागू न देता. किराणा दुकानवाल्यांच्या शांतम्मा रोज न चुकता वाढायच्या, आधी यांना दोन-दोन घागरी आणि मग स्वतःला. एकेचाळीस घरांना एकटी बाई पुरणार किती? आणि त्या आठ दिवस उदगीरला माहेरी गेल्या तेव्हा कुणीच वाढलं नाही. म्हणून झिरा, म्हणून केवळाबाईंचा हात. शेषेरावांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं की वस्तीवर असून असून घरं ती किती, पाच-सात तर असतील. साहेबरावांना ती 'ची' बरोबर ऐकू आली. त्यांनी एकेक दार मोजून एकेचाळीस लिहिले.

एक प्रश्न मात्र त्यांनी लिहिला नाही. विहिरीला हात का लावू देत नाहीत? चिनीत त्याला वेशन्मा म्हणतात. पेन्सिल दोनदा तिथं गेली आणि दोनदा मागं आली. हंगामी नोकरी होती, आणि त्यांनी मनाची समजूत घातली की हे काय विचारायचं, शेय तोउ चताव, हे कुणालाही ठाऊक आहे. माणूस भित्रेपणाला असं छान नाव देतो.

कचेरीत तो कागद बघून पंचाक्षरी अण्णांना घाम फुटला. पाठीवर लिहिलेलं कुठल्या रकान्यात घेऊ, म्हणाले. होय का नाही तेवढं सांग, जिल्ह्याला आकडा कळवायचा असतो. साहेबरावांनी सांगितलं की वस्तीसाठी टाकी ठेवा आणि टँकरची एक खेप तिथं रिकामी करा, माझी मागणी एवढीच आहे. प्रकरण वरच्या साहेबाकडं गेलं. तरुण, इस्त्रीचे कपडे, जिल्ह्याबरोबरच नवा आलेला. तो भडकला. छापील सरकारी प्रपत्राच्या पाठीवर स्वतःच्या मनानं प्रश्न लिहिणारे तुम्ही कोण? सरपंचांचा अर्ज आला होता की हा कारकून गावात फूट पाडतोय. साहेब म्हणाला, मी स्वतः चौकशीला येतो, बाईला मी स्वतः विचारतो. मार्चात अंगठा दिला तेच ती म्हणाली, तर टाकी नाही, आणि तुम्ही घरी. चौकशीत तुम्ही तोंड उघडायचं नाही.

म्हणजे सगळं त्या एका बाईच्या एका शब्दावर येऊन ठेपलं. हाव म्हणाल्या तर एकेचाळीस घरांनी पाऊस पडेपर्यंत झिऱ्यात उतरायचं. न्हाई म्हणाल्या तर त्यांची सून ज्या शेतात खुरपते ते शेत शेषेरावांचं.

चौकशी चावडीवरच झाली. सगळा गाव लोटला होता. वस्तीवरचे लोक उन्हात एका बाजूला, त्यांच्या पुढं केवळाबाई, हात अजून गळ्यात. विहिरीवरून येणाऱ्या बायका घागरी टेकवून थांबल्या होत्या, त्यात शांतम्माही होत्या. साहेबराव मागं उभे, सरहद्दीवर उभे राहायचे तसे, पण तिथं निदान बोलायची मुभा होती.

साहेबानं कागद उलगडला आणि छापलेलं होतं तेच वाचलं. सर्व वस्त्यांना पाणी मिळते काय? मग मान वर करून, समजावल्यासारखं म्हणाला, टँकर येतो ना बाई, पाणी मिळतं ना?

केवळाबाईंनी सवयीनं पदर पुढं ओढला.

"हाव साहेब," त्या म्हणाल्या.

शेषेरावांनी मान हलवली. साहेबानं पेन उघडलं. साहेबरावांचे डोळे आपोआप मिटले. एवढ्यात केवळाबाईच पुढं बोलल्या, कुणी विचारलेलं नसताना.

"मिळतं. शांतम्मा वाढतात. त्या माहेरी गेल्या की मिळत न्हाई. मग झिऱ्यातलं मिळतं, तवाच ह्यो हात गेला. तुमच्या कागदात जे बसंल ते लिवा."

साहेबाचं पेन तसंच राहिलं. होय लिहावं तर पुढचं राहतं, नाही लिहावं तर मागचं. शेषेराव काही बोलायला गेले, तर घागरींजवळून शांतम्मांचा आवाज आला. त्या पुढं आल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि थेट साहेबाला म्हणाल्या, "मी सोळा वर्षं वाढून राहिले, साहेब. माझा खांदा गेला. तिला दोन हात होते की, तिच्या हाती रहाट का देत न्हाईत, ते ह्यांना विचारा न्हं."

म्हणजे जो प्रश्न साहेबरावांच्या पेन्सिलीला झेपला नव्हता, तो किराणा दुकानवाल्याच्या बायकोनं भर चावडीत विचारला. 'ह्यांना' म्हणताना तिचा हात सरपंचांकडं होता आणि त्यांच्या शेजारी तिचा स्वतःचा नवराही बसलेला होता. सगळ्यांच्या माना खाली. सगळ्यांना उत्तर ठाऊक, आणि एकाच्याही तोंडातून ते निघेना. साहेबरावांना वाटलं, आता हा साहेब विचारील. विचारायलाच हवं, कायदा त्याच्या खिशात आहे. एक शब्द, ए सरपंच, का?

साहेबानं घड्याळ बघितलं. पेन टेकवलं आणि कागदावर लिहिलं की वस्तीसाठी स्वतंत्र टाकी मंजूर करण्यात येत आहे. मग उठला.

चौथ्या दिवशी टाकी आली, वस्तीच्या तोंडाशी बसली, टँकर रिकामा झाला. बायकांनी घागरी भरल्या, स्वतःच्या हातानं, हव्या तेवढ्या. पोरं अंगावर पाणी उडवत होती. केवळाबाईंनी डाव्या हातानं तांब्या भरून साहेबरावांना दिला आणि म्हणाल्या, दादा, पी. साहेबराव प्यायले. बायकांच्या डोळ्यांत आनंद होता, तो खोटा कसा म्हणायचा? पण समोर पाचशे पावलांवर गावची विहीर होती, तिच्यावर रहाट कुरकुरत होता, आणि शेषेराव तिथं उभे राहून मिशीवरनं हात फिरवत होते. त्यांचं तरी काय बिघडलं होतं? विहीर तशीच्या तशी राहिली, उलट आता शिळेवर बसणाऱ्या बायकांची कटकटही मिटली. सरकारनं टाकी दिली ती वस्तीला पाणी मिळावं म्हणून, की विहिरीचं नाव कुणाला काढावं लागू नये म्हणून? साहेबराव संतापलेलेच परत आले. जिंकूनसुद्धा एवढा संताप येतो हे त्यांना नवीन होतं.

कचेरीत त्यांच्या टेबलावर लखोटा होता. आपण छापील प्रपत्राच्या मागील बाजूस अनधिकृत प्रश्न का लिहिले, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा.

साहेबरावांनी तो कागद दोनदा वाचला. त्या उन्हाळ्यात त्या कचेरीतून शेकडो कागद बाहेर गेले होते, आणि सगळे 'काय'वर संपणारे. 'का' असं ना सरपंचाला विचारलं, ना गावाला. 'का' हा शब्द कचेरीनं एकदाच खर्च केला, आणि तो त्यांच्यासाठी.

पंचाक्षरी अण्णा खुर्ची ओढून जवळ आले आणि कुजबुजले, "चूक झाली, क्षमा असावी, एवढं लिही बाबा. अकरा महिने वाढवून मिळतील. मी शब्द टाकतो."

साहेबरावांनी कोरा कागद घेतला आणि एकच ओळ लिहिली. 'विहिरीवर बौद्ध बायांना पाणी का काढू देत नाहीत, हे आपल्या प्रपत्रात विचारलेलं नव्हतं, आणि मीही विचारायला भ्यालो, म्हणून जेवढं विचारता आलं तेवढं विचारलं.'

अण्णांनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "हे कुठं फाईल करू?"